पिकलबॉलची पॅडल गुळगुळीत का होते? नवीन ‘टिकाऊ स्पिन’ घेण्याआधी हा हिशोब बघा

बुऱ्हाणपूर : पिकलबॉल १९६५ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. आपल्याकडे मुंबईचे सुनील वालावलकर यांनी तो रुजवला आणि एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने इंडियन पिकलबॉल असोसिएशनला मान्यता दिली. खेळ वाढला तशी महागडी पॅडलही बाजारात आली. सध्या बोलबाला आहे तो ‘टिकाऊ स्पिन’वाल्या पॅडलचा.

स्पिन येते कुठून?

पॅडलचा पृष्ठभाग खरखरीत असला की चेंडूला पकड मिळते. चेंडू फिरतो आणि नेटवरून जाऊन झटकन खाली उतरतो. कार्बन फायबरच्या पॅडलला हा खरखरीतपणा चक्क कापडातून मिळतो. ओल्या रेझिनवर विणलेलं कापड दाबतात, रेझिन कडक झालं की ते सोलून काढतात. मागे उरतो ताण्या-बाण्याचा ठसा. पॉवरलूमच्या बुऱ्हाणपुरात हे वेगळं समजवायला नको.

अडचण इथेच आहे. ठशाची बारीक टोकं रेझिनची असतात. प्लास्टिकचा चेंडू घासून घासून ती झिजतात; फटींत धूळ आणि चेंडूचं प्लास्टिक बसतं. रंगात कण मिसळून फवारलेल्या स्वस्त पॅडलची खरखर तर आणखी लवकर जाते.

नवीन काय?

नव्या पॅडलमध्ये कठीण कण पृष्ठभागातच पक्के बसवतात. मात्र जास्त खरखर म्हणजे जास्त स्पिन, असं मोकाट चालत नाही. अमेरिकी नियमांत खरखरीची सरासरी मर्यादा ३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम तेहतिसावा भाग. म्हणून कंपन्यांची चढाओढ आता टिकण्यावर आली आहे.

हिशोब असा करा

समजा, ६,००० रुपयांची पॅडल ६ महिन्यांत गुळगुळीत झाली, तर महिन्याला १,००० रुपये पडले. १२,००० ची २ वर्षं चालली तर ५००. पण ती खरंच तेवढी टिकेल का? दुकानदाराला विचारा : वॉरंटीत खरखर झिजणं धरलंय का, की फक्त तुटणं? उत्तर गोलमोल आलं तर जास्तीचे पैसे देऊ नका.

जुनी पॅडल फेकण्याआधी क्रेप रबरच्या खोडरबराने पुसा. फटींतली घाण निघाली की पकड बरीच परत येते. सॅंडपेपर मात्र लावू नका. उरलेली टोकंही जातील आणि स्पर्धेत पॅडल बाद ठरेल.

नवशिक्यांनी घाई करू नये. मनगट आणि फटका बसल्याशिवाय महाग पॅडलही स्पिन देत नाही.