उतारवयातली स्पोर्ट्‌स कार

तरुणपणी मनात भरलेली स्पोर्ट्‌स कार बहुतेकांच्या दारात उभी राहते ती मुलांची शिक्षणं आणि घराची कर्जं उरकल्यावरच. नवी मुंबईजवळच्या जासई परिसरात त्या गाडीसाठी रस्ताही आता आहे. त्याच भागात १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू उतरतो. सेतूवर मोटारींची कमाल वेगमर्यादा मात्र ताशी १०० किलोमीटर आहे.

स्पोर्ट्‌स कार मुद्दाम जमिनीलगत बांधतात. गुरुत्वमध्य खाली राहिल्याने ती वळणावर कमी कलते. पण त्यामुळेच गतिरोधकावर तिचा तळ घासतो. तिचं आसनही खोल असतं, त्यामुळे गुडघे आणि कंबर दुखणाऱ्याने खरेदीआधी अनेकदा चढून-उतरून पाहावं.

कायद्यानुसार पंचावन्नाव्या वर्षानंतर परवान्याचं नूतनीकरण एका वेळी पाचच वर्षांसाठी होतं. चाळिशीनंतर त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्रही लागतं. जुनी गाडी घेणाऱ्याने लक्षात ठेवावं, की खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे ती तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१पासून स्वतंत्र ‘व्हिंटेज’ नोंदणी आहे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.