वाय-फायच्या ॲडॅप्टरला ‘इजेक्ट’ का नसतं?

पेन ड्राइव्ह काढण्याआधी ‘इजेक्ट’ करायचं, हे आपण सगळेच शिकलो आहोत. पण लिनक्सच्या कॉम्प्युटरला वाय-फायसाठी लावलेला यूएसबी ॲडॅप्टर काढायचा झाला, तर असं बटण सहसा सापडत नाही. मग तो तसाच ओढावा का?

कोलकात्याला बागबाजारमध्ये माझ्या मामाकडे लिनक्सचे दोन जुने डेस्कटॉप आहेत आणि ॲडॅप्टर एकच. तो दिवसभर खाली-वर फिरतो. “चालू कॉम्प्युटरमधून ओढलास तर जळेल रे,” असं मामी दर वेळी म्हणते.

जळत नाही. यूएसबीच्या नेहमीच्या चपट्या प्लगमध्ये चार पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन विजेच्या असतात आणि त्या लांब असतात. मधल्या दोन डेटाच्या, त्या आखूड. काढताना आधी डेटा तुटतो, मग वीज. चालू कॉम्प्युटरमधून काढता यावं म्हणूनच ही रचना केली आहे. पेन ड्राइव्हचं दुखणं वेगळं. लिनक्स त्याच्यावर लिहायचा मजकूर आधी मेमरीत ठेवतो आणि थोड्या वेळाने उतरवतो, म्हणून मध्येच ओढला तर फाइल अर्धवट राहते. ॲडॅप्टरवर तुमची फाइल साठवलेलीच नसते.

बागबाजारमध्ये मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेच्या धास्तीने १७४२ साली कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, त्याची ही आठवण. फौज शहरावर आलीच नाही! मामीची भीती साधारण तशीच, असं मी तिला म्हटलं. तिला ते फारसं आवडलं नाही.

खरा धोका ॲडॅप्टरवरून चालू असलेल्या कामाला असतो. वेबपान तुटलं तर पुन्हा उघडता येतं. पण शाळेची फी भरताना जोडणी तुटली, तर पैसे पोचले की नाही ते लगेच कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरचा शेअर केलेला फोल्डर. त्यात फाइल सेव्ह होत असताना ॲडॅप्टर निघाला, तर फाइल अर्धी राहू शकते आणि फोल्डरची खिडकीही बराच वेळ गोठून बसते. म्हणून आधी फाइल बंद करावी, फोल्डर अनमाउंट करावा, नेटवर्कच्या चिन्हावर जाऊन वाय-फाय डिस्कनेक्ट करावं आणि मग ॲडॅप्टर काढावा. ड्रायव्हर लिनक्सबरोबर आलेला नसून बाहेरून आणून बसवला असेल, तर डिस्कनेक्ट करणं कधीच टाळू नये. असे काही ड्रायव्हर ॲडॅप्टर अचानक गेला की अख्खा कॉम्प्युटर अडकवतात.

एक गंमत. काही ॲडॅप्टर लावल्यावर आधी सीडीसारखे दिसतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. तिथे ‘इजेक्ट’ मिळतं, पण ते दाबलं की सीडी नाहीशी होते आणि वाय-फाय सुरू होतं! ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचा प्रोग्राम हेच काम आपोआप करतो.