म्हाताऱ्या कुत्र्याचे डोळे आणि बिबट्याची रात्र

कुत्र्याच्या डोळ्याचे ऑपरेशन म्हटले की हसणारे आम्हाला कोर्टातही भेटले आणि कार्यकर्त्यांच्या बैठकीतही. डोंगराकडच्या आदिवासी म्हातारीचा मोतीबिंदू पिकलाय, तिला तालुक्याला न्यायला गाडी नाही, आणि तुम्हाला कुत्र्याचे पडलेय, असा त्यांचा सवाल. सवाल खोटा नाही. पण त्या म्हातारीसाठी 1976 पासून अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. सरकारी रुग्णालयात तिचे ऑपरेशन मोफत झालेच पाहिजे, आणि होत नसेल तर भांडायला आम्ही आहोत. कुत्र्यावरचा खर्च टाळल्याने तिची गाडी निघत नाही.

शिवाय जुन्नर-आंबेगावच्या वस्तीवरचा कुत्रा हा बंगल्यातला शौक नव्हे. ऊस घरापर्यंत आलेला, शेतीची वीज पुष्कळदा रात्रीची, पाणी धरायला जायचे तर पुढे कुत्रा हवा. घोड नदीकाठच्या एका वस्तीवर आमच्या ओळखीच्या कुटुंबाचा वाघ्या असाच बारा वर्षे राबला. आता त्याचे दोन्ही डोळे पांढरट झालेत, बादलीला धडकतो. मुंबईला नोकरीला असलेला मुलगा म्हणतो ऑपरेशन करू. बाप म्हणतो, म्हातारपण आहे, चालायचेच. दोघांनी आम्हाला विचारले, जणू हा जमिनीच्या वाटणीचा दावा आहे! कायदा आम्हाला कळतो, डोळे नाही. म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना विचारले, थोडे वाचले, आणि जे कळले ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट, पांढरट दिसला म्हणजे मोतीबिंदूच असे नाही. सात-आठ वर्षांनंतर कुत्र्याच्या डोळ्यातले भिंग घट्ट होते आणि निळसर धुरकट झाक येते. त्यातून त्याला बऱ्यापैकी दिसते, ऑपरेशनची गरज नसते. खरा मोतीबिंदू वेगळा. तो मधुमेहामुळेही होतो, म्हणून आधी रक्तातली साखर बघावी लागते. मग डोळ्यामागचा पडदा जिवंत आहे का, याची विद्युत तपासणी. पडदाच गेला असेल तर भिंग काढून उपयोग शून्य. हे सगळे ठीक निघाले तर माणसाप्रमाणेच ध्वनिलहरींनी भिंग फोडून बाहेर काढतात, कृत्रिम भिंग बसवतात. फरक एवढाच की माणसाला डोळा बधिर करून भागते, कुत्र्याला पूर्ण भूल द्यावी लागते. बारा वर्षांच्या जनावराचे हृदय आणि मूत्रपिंड ती भूल सोसेल का, हे ऑपरेशनआधीच विचारायचे.

खरी कसोटी पुढेच आहे. कित्येक आठवडे दिवसातून अनेक वेळा थेंब घालायचे, गळ्यात कॉलर ठेवायची, खाजवू द्यायचे नाही. नंतरही आतून सूज येण्याचा, काचबिंदूचा, पडदा सुटण्याचा धोका राहतो. थेंब कोण घालणार? मुंबईचा मुलगा नव्हे. ज्या बाईच्या हातून वाघ्या भाकरी खातो, जी सकाळी खुरपणीला जाते, तिच्यावरच ते काम पडणार. आणि तिला मात्र कोणीच विचारले नव्हते! आमच्या मते या प्रकरणात पहिले मत तिचे.

तालुक्याचा जनावरांचा दवाखाना मुख्यतः गाई-म्हशींसाठी. असे ऑपरेशन म्हणजे पुणे, नाहीतर परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, जे 1886 पासून चालू आहे. तपासणी, भूल, औषधे, फेऱ्यांची गाडी, असा हिशेब आधी लेखी मागावा. कर्ज काढून मात्र हे करू नये, असे आम्ही स्पष्ट सांगितले.

पण ऑपरेशन नाही म्हणजे काहीच नाही, असा अर्थ बापाने काढला, तो आम्हाला मान्य नाही. पिकलेल्या मोतीबिंदूने डोळ्याला सूज येते, डोळा लाल होतो, दुखतो. कुत्रा ओरडत नाही, कोपऱ्यात पडून राहतो. ते दुखणे थांबवणारे औषध हा शौक नाही. दृष्टी नसली तरी नाकाने आणि कानाने तो अंगण ओळखतो, फक्त बाज आणि बादली रोज हलवू नये आणि उघड्या विहिरीला कठडा करावा.

आणि रात्र! शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला, त्यात वजनाच्या हिशेबाने 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. 2001 ते 2003 या काळात जुन्नर वनविभागाने हल्ल्यांची लाट सोसली, आणि 2025 साली शिरूर तालुक्यातही माणसे गेली. अशा मुलखात आंधळा कुत्रा साखळीने अंगणात बांधणे म्हणजे बिबट्याला घराच्या उंबऱ्याशी बोलावणे. त्यात कुत्रा जातो, आणि पोरेबाळेही धोक्यात येतात.

1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा मालकावर प्राण्याची काळजी घेण्याचे कर्तव्य टाकतो. पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे, अवाजवी आखूड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे, उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणे, हे कलम 11 खाली गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे कायद्याची चेष्टाच. म्हातारे कुत्रे पोत्यात घालून घाटात सोडणारे याच दंडाच्या भरवशावर निर्धास्त असतात.

वाघ्याच्या बाबतीत तूर्त ठरले ते असे. साखर आणि पडद्याची तपासणी आधी. पडदा चांगला निघाला आणि बाई थेंबांची जबाबदारी घ्यायला तयार असली तरच ऑपरेशन, खर्च मुलाचा. नाही निघाला तर दुखण्याचे औषध चालू. दोन्ही बाबतीत गोठ्याशेजारची खोली जाळीच्या दारासह पुढच्या आठवड्यात पुरी करायची, आणि दिवेलागणीला वाघ्याला आत घ्यायचे. बाप दार बनवायला लगेच तयार झाला. पत्रा त्याच्याकडे पडूनच होता.