कॅसेट टिकून आहे, यंत्र संपत चाललंय

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की वाटेत टोलनाक्याची तामलवाडी लागते. कोजागरीला भवानीच्या दर्शनाला पायी निघालेल्यांची रीघ याच रस्त्यानं जाते. या पट्ट्यात १९९०च्या दशकात लग्न ठरलं की आचारी आणि बँडवाल्याबरोबर शूटिंगवाल्यालाही सांगून ठेवायची रीत पडली. खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक जण, त्याच्यामागे हॅलोजन धरून वायरचा गुंता सोडवत चालणारा पोरगा. त्या झगझगीत उजेडात डोळे बारीक केलेले पाहुणे, हळदीनं माखलेली नवरी, पंगतीत वाढणारे चुलते, रात्री गोंधळ्यांचं संबळ. सगळं एका काळ्या कॅसेटवर गेलं. ती कॅसेट आजही लोखंडी कपाटात, शालूच्या घडीखाली आहे. तिच्यातली कितीतरी माणसं आता नाहीत, आणि ती लावून बघायला घरात व्हीसीआरही नाही.

अशा कॅसेटी संगणकावर उतरवून घरच्या टीव्हीवर हव्या तेव्हा लावता येतील असा संग्रह करायला फार पैसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि तो भराभर सरतो आहे. का, ते कळायला कॅसेटच्या आत डोकवावं लागतं.

व्हीएचएस कॅसेट जपानच्या जेव्हीसी कंपनीनं १९७६ मध्ये बाजारात आणली. आत अर्धा इंच रुंदीची पॉलिस्टरची फीत आणि तिच्यावर चिकट द्रव्यात कालवून थापलेले चुंबकीय कण, मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडचे. अडचण अशी की चित्राचे संकेत आवाजाच्या शेकडो पट वेगानं बदलतात. ते लिहायचे तर फीत संकेत लिहिणाऱ्या हेडसमोरून सेकंदाला काही मीटर वेगानं पळायला हवी. तशी पळवली तर मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधीच कॅसेट संपेल. यावरचा तोडगा असा : फीत सावकाश, सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते आणि हेडच गरगर फिरतं. ६२ मिलिमीटर व्यासाचा, किंचित कललेला एक ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. त्याच्यावरची दोन हेड फितीवर आळीपाळीनं तिरक्या रेघा मारतात. एक रेघ म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळी, पुढची रेघ म्हणजे उरलेल्या ओळी. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला अशा ५० रेघा. तीन तासांच्या कॅसेटवर त्या पाच लाख चाळीस हजार होतात आणि एकेका रेघेची रुंदी मिलिमीटरचा विसावा भाग.

इतक्या बारीक रेघेवर हेड नेमकं बसलं तरच चित्र दिसतं. ते बसवतात व्हीसीआरमधले रबरी पट्टे, रोलर आणि छोट्या मोटारी. रबर पंचवीस-तीस वर्षांत कडक होतं, चिरतं, सैल पडतं. हेड झिजतात. जुलै २०१६ मध्ये जपानच्याच फुनाई कंपनीनं व्हीसीआर बनवणं थांबवलं. जगातली ती शेवटची उत्पादक. म्हणजे आज चालू असलेली यंत्रं तेवढी आपली, त्यांत भर पडायची नाही. फीत बरी असेल आणि यंत्र नसेल, ही वेळ घरोघरी आली आहे.

फितीलाही वय आहेच. कण धरून ठेवणारं ते चिकट द्रव्य हवेतलं बाष्प शोषतं आणि हळूहळू विघटित होतं. उष्णतेनं ही क्रिया वेग घेते. अभिलेखागारांत चुंबकीय फिती साधारण २० अंशांच्या आत आणि कोरड्या हवेत ठेवतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीतल्या माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटीला आतून किती सोसावं लागत असेल याचा विचार करा. जाड भिंतींचं माळवदाचं घर या बाबतीत कितीतरी बरं. तिथं माती गळते खरी, पण तापमान एकदम चढ-उतार करत नाही.

उतरवायला बसण्याआधी कॅसेट उजेडात धरून खिडकीतून रीळ पाहावं. पांढरी पूड किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट यंत्रात घालू नये. ती हेड खराब करते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटीला लागण करते. ती वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे द्यावी. रीळ काळंभोर, सपाट असेल तर कॅसेटच्या पाठीच्या कडेला असलेली प्लॅस्टिकची छोटी पट्टी मोडावी. ती मोडली की यंत्र त्या कॅसेटवर रेकॉर्ड करूच शकत नाही. चुकीचं बटण दाबल्यानं आख्खा साखरपुडा पुसला जाण्याचा धोका इथं संपतो. मग फीत एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळावी, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेल्या वेढ्यांचा ताण सारखा होतो. चित्रात बर्फासारखे ठिपके दिसू लागले तर ड्रम स्वच्छ करावा लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओलावलेलं मऊ चामडं ड्रमला टेकवून स्थिर धरायचं आणि ड्रम हातानं फिरवायचा. कापसाची काडी वापरायची नाही आणि वर-खाली तर मुळीच पुसायचं नाही. हेडचं टोक तेवढ्यानं मोडतं.

व्हीसीआरच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांपासून लॅपटॉपपर्यंत जायला यूएसबी कॅप्चर स्टिक लागते. ती हजार-दोन हजारांत मिळते. ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर चित्र नोंदवतं. सेटिंगमध्ये पाल निवडावं, ७२० बाय ५७६. स्वस्त स्टिक बऱ्याचदा अमेरिकी पद्धतीवर बसवलेल्या असतात आणि मग चित्र कृष्णधवल होतं किंवा फिरत राहतं. कॅसेट तीन तासांची असेल तर उतरवायला तीन तासच लागतात. इथं घाई चालत नाही.

एक त्रास मात्र हमखास होतो. जुनी फीत कुठं ताणलेली, कुठं सैल, त्यामुळे ओळी वेळेवर येत नाहीत. संगणक अशी विस्कळीत चित्रं सोडून देतो आणि तासाभरानं भटजींचे ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे अशी गत होते. स्टुडिओत यासाठी टाइम बेस करेक्टर नावाचं महाग यंत्र वापरतात. घरी, एखाद्या नातेवाइकाकडे पडून असलेला जुना डीव्हीडी रेकॉर्डर व्हीसीआर आणि स्टिक यांच्यामध्ये जोडला तरी बहुतेक वेळा काम भागतं, कारण संकेत पुढे देताना तो प्रत्येक चित्र स्वतःच्या घड्याळावर बसवतो. पैसे घालायचेच असतील तर चांगल्या व्हीसीआरवर घालावेत. फितीवरून जे आलंच नाही ते पुढचं कुठलंच सॉफ्टवेअर आणू शकत नाही.

उतरवलेल्या चित्रात वरातीतले नाचणारे हात कंगव्यासारखे दातेरी दिसले तर घाबरू नये. एकाआड एक ओळींच्या दोन संचांमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं, तेवढ्यात हात सरकलेला असतो. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर ते दाते घालवतं. मूळ फाइल मात्र जशीच्या तशी ठेवावी. उद्या याहून चांगली पद्धत येईल.

आता जागा किती लागते ते पाहू. असं चित्र काहीही न दाबता साठवलं तर तासाला सुमारे ७५ जीबी होतात. एच.२६४ पद्धतीनं, सेकंदाला ८ मेगाबिटच्या वेगानं साठवलं तर तासाला ३.६ जीबी पुरतात आणि व्हीएचएसचा तपशील जवळजवळ सगळा राहतो. एक टीबीच्या डिस्कवर असे पावणेतीनशे तास मावतात. भावकीतल्या सगळ्या लग्नांना, बारशांना आणि जावळांना एवढी जागा रग्गड झाली. गुगलच्या मोफत १५ जीबीत मात्र जेमतेम चार तास.

"आमच्या कॅसेटची सीडी कधीच केली, कॅसेट टाकून दिली," असं कुणी सांगितलं की मला मनापासून वाईट वाटतं. व्हिडिओ सीडीत चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे पूर्ण चौकटीच्या चौथाई हिश्श्याहूनही कमी. वेग सेकंदाला १.१५ मेगाबिट. निम्म्या ओळी तिथंच गळाल्या, गर्दीतले चेहरे चौकोनी ठोकळे झाले. घरी रेकॉर्ड केलेल्या सीडीतला रंगद्रव्याचा थरही उन्हानं, ओलीनं उडतो. कॅसेट अजून असेल तर सीडी असूनही ती पुन्हा उतरवावी. कॅसेट गेलीच असेल तर सीडीतल्या एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल आजच कॉपी करून ठेवावी; व्हीएलसी ती सरळ चालवतं. आजही हीच चूक वेगळ्या रूपात होते आहे. मोबाइलवर काढलेलं बारसं व्हॉट्सअॅपवर पाठवलं की ते दाबून लहान केलं जातं. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागून घ्यावी.

संग्रह म्हणजे नुसता फाइलींचा ढीग नव्हे. नावात आधी वर्ष, मग महिना, मग प्रसंग आणि गाव असावं, उदाहरणार्थ '१९९७-०५ लग्न तामलवाडी'. म्हणजे यादी आपोआप काळानुसार लागते. आणि एक काम कुठलंही यंत्र करणार नाही. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला टीव्हीसमोर बसवावं, चित्र सुरू करावं आणि "ही कोण? हा कुणाचा?" असं विचारत मोबाइलवर आवाज नोंदवावा. लग्नाच्या अनेक कॅसेटींवर शूटिंगवाल्यानं मूळ आवाजावर सिनेमाची गाणी चढवलेली असतात. आजीचा त्या दिवशीचा आवाज तिथं नाही. आज बोलता बोलता तिची नावं तरी मिळतील.

टीव्हीवर दाखवायला जेलीफिन हे मोफत, मासिक वर्गणी नसलेलं सॉफ्टवेअर पुरे. एखाद्या जुन्या लॅपटॉपवर ते बसवलं की घरच्या वायफायवरून स्मार्ट टीव्हीवर सगळी यादी चित्रांसह दिसते. इंटरनेट नसलं तरी चालतं. लॅपटॉपच का, तर वीज गेली की त्याची बॅटरी डिस्कला अचानक बंद पडू देत नाही. भारनियमन सोसणाऱ्या गावात ही मोठी सोय आहे.

आणि प्रती. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात जमीन हलली आणि दगडमातीची घरं क्षणात बसली. हजारो माणसं गेली; मागे राहिलेल्या कित्येकांकडे गेलेल्यांचा फोटोसुद्धा उरला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या जुन्या नायट्रेट रिळांना जानेवारी २००३ मध्ये आग लागली, तेव्हा एकाच ठिकाणी असलेलं कायमचं गेलं. दादासाहेब फाळक्यांनी १९१९च्या 'कालिया मर्दन'मध्ये आपल्या मुलीच्या, मंदाकिनीच्या चेहऱ्यावरचे बदलते भाव कॅमेऱ्यासमोर टिपले आणि ते आज आपण बघू शकतो. त्यांच्या बहुतेक चित्रपटांच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. मराठवाड्यातल्या घराघरातलं कुणीतरी पुण्याला नोकरीला असतंच; दुसरी डिस्क त्याच्याकडे द्यावी आणि दिवाळीला आला की तपासून घ्यावी. पेन ड्राइव्हवर विसंबू नये. वापरात नसलेल्या पेन ड्राइव्हमधला विद्युतभार काही वर्षांत झिरपून जातो.

एका घराला व्हीसीआर लागतो तो फार तर आठ-पंधरा दिवस. तो प्रत्येकानं विकत घ्यायचं कारणच नाही. बचत गटानं, शाळेनं किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयानं एक चालू व्हीसीआर, एक कॅप्चर स्टिक आणि एक लॅपटॉप एकत्र ठेवला तर आख्ख्या गावाच्या कॅसेटी एका हिवाळ्यात उतरतील. कॉम्प्युटर शिकणारी दोन पोरं त्यावर बसवावीत, तासाप्रमाणे त्यांना मेहनताना द्यावा. तामलवाडीसारख्या गावाला हे सहज झेपेल. सोलापूर-तुळजापुरात जुने टीव्ही दुरुस्त करणारे मेकॅनिक अजून आहेत आणि व्हीसीआरचा पट्टा बदलणं त्यांना येतं. ते दुकान बंद करायच्या आत त्यांच्याकडे जा.