पहिली बातमी का चुकते?



१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास आपल्या हिंगोली जिल्ह्यात भूकंपाचा धक्का बसला. तीव्रता ४.५, केंद्र कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याजवळ. अशा वेळी मोबाइलवर तासाभरात दहा प्रकारचे मेसेज फिरतात आणि मुलं विचारतात, "सर, यातलं खरं कोणतं?" या प्रश्नाचं उत्तर आपल्याला देता आलं पाहिजे.

पहिली बातमी चुकते, ती दरवेळी कुणी खोटं बोलतं म्हणून नाही. कारणं समजून घेऊ.

१) एक घटना अनेक ठिकाणी दिसते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गोळीबार सुरू झाला, तेव्हा सुरुवातीला ही टोळीयुद्धाची बातमी वाटली. हल्लेखोर होते दहाच. पण ते जोड्यांनी विखुरले होते. शिवाय त्यांनी टॅक्सीत ठेवलेले बॉम्ब माझगाव आणि विलेपार्ले इथे नंतर फुटले. त्यामुळे हल्लेखोर पुष्कळ असावेत, असं वाटणं साहजिक होतं.

२) मोजणी दोनदा होते. त्याच हल्ल्यातल्या मृतांचा आकडा आधी १९५ सांगितला गेला, नंतर तो कमी करावा लागला. काही मृतदेह दोनदा मोजले गेले होते. अखेर १६६ हा आकडा नोंदला गेला.

३) सांगायला कुणी उरत नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं. एस.टी. घेऊन आलेल्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा बाहेर कळलं. पहिल्या दिवशीचा आकडा म्हणजे फक्त चिखलातून काढलेले मृतदेह. शेवटी तो १५१ वर गेला. म्हणजे पहिला आकडा कधी जास्त असतो, तर कधी फार कमी.

४) शब्द वेगळे, आकडे वेगळे. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीत २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. एकाने २७ लिहिले, दुसऱ्याने ८४. चूक कुणाचीच नाही, पण वाचणारा गोंधळतो.

वर्गात काय करता येईल? एखाद्या दुर्घटनेची पहिल्या दिवसाची आणि आठवड्यानंतरची बातमी फळ्यावर शेजारी-शेजारी मांडा. "प्राथमिक माहितीनुसार", "अंदाज", "भीती", "बेपत्ता" या शब्दांखाली मुलांना रेघ मारायला सांगा. मग तीन प्रश्न विचारा: हे कोणी पाहिलं? कोणी मोजलं? केव्हाची माहिती आहे? चौथी-पाचवीची मुलंही छान उत्तरं देतात.

पालकांनो, आपल्या भागातली कितीतरी लेकरं शिक्षणाला, कामाला पुण्या-मुंबईला आहेत. तिकडे काही घडलं की एक चुकीचं नाव किंवा फोटो पुढे पाठवला, तर इथे एखाद्या घरात विनाकारण आकांत होतो. तेव्हा मृतांची नावं प्रशासनाने सांगितल्याशिवाय पुढे पाठवूच नका. आणि "आज रात्री अमुक वाजता मोठा भूकंप होणार" असा मेसेज आला तर तो सरळ खोटा समजा, कारण भूकंपाची वेळ आधी सांगणं विज्ञानाला अजून जमलेलं नाही.

बातमी उशिरा कळली तर फार बिघडत नाही. आपल्यामुळे चुकीची पसरली, तर मात्र बिघडतं. मुलांना एवढं समजलं तरी पुष्कळ झालं.