खिंडीपलीकडची गाडी

सह्याद्रीतल्या कच्च्या वाटेवर मोबाइलची रेंज जाते आणि पुढची गाडी वळणाआड दिसेनाशी होते, तेव्हा हॅम रेडिओची किंमत कळते. भारतात त्यासाठी परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोड लागत नाही, त्यामुळे सुरुवात तिथूनच करावी. ताफ्यात सेटवर बोलणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना हवा, हे आधीच सांगून ठेवतो.

गाड्यांसाठी 144 ते 146 मेगाहर्ट्झचा पट्टा सोयीचा. हातातला 5 वॅटचा सेट गाडीत बसून वापरला, तर पत्र्याची बॉडी बरीचशी लहर अडवते. म्हणून पहिला खर्च वॅट वाढवण्यावर नको, बाहेरच्या अँटेनावर करा. या पट्ट्यात लहरीची लांबी साधारण 2 मीटर. तिच्या पावपट, म्हणजे अर्ध्या मीटरची उभी काडी टपाच्या मधोमध बसवली, की खालचा पत्राच अँटेनाचा दुसरा भाग होतो. तीच काडी बोनेटच्या कडेला लावली, तर लहर सगळ्या दिशांना सारखी पोहोचत नाही.

डोंगरापुढे मात्र वॅटचं फारसं चालत नाही. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगराची सोंड आली, की आवाज तुटतो. अशा वेळी एक गाडी खिंडीत थांबवावी आणि तिच्यामार्फत निरोप पोहोचवावा. आणि बटण दाबल्यावर क्षणभर थांबूनच बोला. नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि उतारावर तो शब्द बहुधा ‘थांब’ असतो.