न्यायालयाच्या बातम्यांतून इंग्रजी शिकताना

इंग्रजी शब्द वाढवायचे म्हणून वर्तमानपत्र लावणारे पुष्कळ असतात. पहिल्या आठवड्यात अग्रलेखावर पेन्सिलीच्या रेघा पडतात, महिनाअखेरीस पेपर घडीही न मोडता रद्दीत जातो. अग्रलेखापासून सुरुवात केली की विषय, युक्तिवाद आणि भाषा असं सगळंच एकदम अनोळखी समोर येतं. राजकारणाच्या आणि कोर्टाच्या बातम्यांचं तसं नसतं. त्यातले तेच तेच शब्द रोज परत येतात आणि कथानक बहुधा आपल्याला ठाऊक असतं.

म्हणून पहिली पायरी बातमी निवडण्याची. मराठीतून पुरेपूर माहीत असलेली बातमी आपण घ्यावी. शिवसेनेतल्या फुटीचा खटलाच घ्या. जून २०२२ मध्ये काय घडलं, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावं लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी त्यावर निकाल दिला. त्याच्या मराठी आणि इंग्रजी बातम्या आजही शोधल्या तर मिळतात.

आधी मराठी बातमी सबंध वाचावी, मग इंग्रजी. या वाचनात शब्दकोश मिटलेलाच ठेवावा. ‘फ्लोअर टेस्ट’ म्हणजे बहुमत चाचणी आणि ‘डिसक्वालिफिकेशन पिटिशन’ म्हणजे अपात्रता याचिका, हे संदर्भावरूनच उमगतं. चाचणी घ्यायला सांगण्याचा राज्यपालांचा निर्णय न्यायालयाने चुकीचा ठरवला. मात्र उद्धव ठाकरे यांनी चाचणीआधी स्वतःहून राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येणार नाही, असंही सांगितलं. इंग्रजी बातमीत नेमका इथे ‘स्टेटस को अँटे’ हा लॅटिन शब्दप्रयोग येतो. पूर्वी होती ती स्थिती, असा त्याचा अर्थ. नुसती व्याख्या पाठ केली तर ती चार दिवसांत विसरते. राजीनाम्याच्या त्या रात्रीसकट वाचलेला शब्द सहसा विसरत नाही.

याच बातमीत ‘व्हिप’ दोनदा अडवतो. पक्षाने आमदारांना काढलेला आदेशही ‘व्हिप’ आणि तो काढणारा माणूसही ‘व्हिप’. मराठीत आपण पक्षादेश आणि प्रतोद असे दोन वेगळे शब्द वापरतो, त्यामुळे इथे मराठी वाचकाची गाडी हमखास घसरते.

दुसऱ्या वाचनात क्रियापदं टिपावीत. बहुतेक जण नामांच्या याद्या करतात आणि वाक्य बोलायची वेळ आली की अडतात. याचिका दाखल करणं म्हणजे ‘फाइल’, फेटाळणं म्हणजे ‘डिसमिस’, जामीन मंजूर करणं म्हणजे ‘ग्रँट’, गुन्हा किंवा आदेश रद्द करणं म्हणजे ‘क्वॅश’. वहीत नुसतं ‘बेल’ न लिहिता ‘ग्रँट बेल’ अशी जोडी लिहावी.

खरी फसगत ओळखीच्या शब्दांत होते. अवघड शब्द आपण शोधतो तरी. सोपा वाटला की बघतही नाही. ‘स्टे’ म्हणजे राहणं, हे शाळेत शिकलो. कोर्टात ती स्थगिती असते. ‘सेंटेन्स’ ही शिक्षा, ‘प्रेअर’ ही याचिकेतली मागणी, ‘पार्टी’ म्हणजे खटल्यातला पक्षकार. ‘सँक्शन’ तर दोन टोकांचे अर्थ बाळगून असतो: सरकारी नोकरावर खटला भरायला लागणारी मंजुरी म्हणजे ‘सँक्शन’, आणि एका देशाने दुसऱ्यावर लादलेले निर्बंध म्हणजेही ‘सँक्शन्स’. विधेयक ‘टेबल’ केलं, असं भारतात किंवा ब्रिटनमध्ये छापून आलं तर ते सभागृहापुढे ठेवलं. अमेरिकन बातमीत तेच बाजूला सारलं. ‘अक्विटेड’ आणि ‘डिस्चार्ज्ड’ यांतला फरकही लक्षात ठेवण्याजोगा आहे. पहिल्यात खटला पूर्ण चालून निर्दोष मुक्तता होते. दुसऱ्यात आरोप निश्चित होण्याआधीच, खटला चालवण्याइतका आधार नाही म्हणून आरोपीला मोकळं केलं जातं.

त्यात ‘हेल्ड’ची आणखी गंमत. ‘थ्री हेल्ड’ या मथळ्यात तिघांना अटक झालेली असते. ‘द कोर्ट हेल्ड दॅट’ असं वाक्य सुरू झालं की मात्र न्यायालयाने तसा निर्णय दिलेला असतो.

इथे जरा थांबावं लागतं, कारण न्यायालयाच्या प्रत्येक बोलण्याला सारखं वजन नसतं. ‘ओरली ऑब्झर्व्हड’ म्हणजे सुनावणीदरम्यान तोंडी काढलेले उद्गार. ते आदेशात येतीलच असं नाही. ‘डायरेक्टेड’ म्हणजे निर्देश दिले. ‘रिझर्व्हड’ म्हणजे निकाल राखून ठेवला, अजून लागलाच नाही. ही क्रियापदं नीट वाचली नाहीत तर तोंडी ताशेऱ्यालाच निकाल समजून आपण चारचौघांत सांगत सुटतो. (वाहिन्यांवरही हे बऱ्याचदा होतं, पण तो वेगळा विषय.)

मथळ्यांचं व्याकरण निराळं, म्हणून ते शेवटी वाचलेले बरे. त्यात सहायक क्रियापद गाळतात आणि भविष्यकाळ ‘टू’ लावून दाखवतात: ‘एससी टू हिअर प्ली’ म्हणजे सर्वोच्च न्यायालय याचिका ऐकणार आहे. ‘नॉड’ म्हणजे मंजुरी, ‘रो’ म्हणजे वाद. हे शब्द जागा वाचवण्यासाठी असतात. अर्जात किंवा परीक्षेच्या निबंधात ते शोभत नाहीत.

अर्थ ताडून पाहायला भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश उपयोगी पडतो. पत्र सूचना कार्यालयाची अनेक निवेदनं मराठीत आणि इंग्रजीत निघतात. ती शेजारी ठेवून वाचावीत. सर्वोच्च न्यायालयाचे काही निकालही मराठी अनुवादात उपलब्ध आहेत, पण निकालाची भाषा जड असते. निदान दोन-तीन महिने बातम्यांवरच राहावं.

उच्चारासाठी आकाशवाणीचं इंग्रजी बातमीपत्र पुरेसं आहे. घटनापीठापुढच्या सुनावण्यांचं थेट प्रक्षेपण २७ सप्टेंबर २०२२ ला सुरू झालं आणि पहिल्याच दिवशीच्या प्रकरणांत हा शिवसेनेचा खटलाही होता. वकील भरभर बोलतात, तेव्हा आधी बातमी वाचूनच ऐकायला बसावं.

शेवटची पायरी लिहिण्याची. वाचलेली बातमी बाजूला ठेवून चार इंग्रजी वाक्यांत ती मांडावी आणि मग मूळ बातमीशी ताडावी. ‘विधेयकाविषयी चर्चा केली’ असं मनात घोळत असल्याने आपण ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लावतो; तिथे तो लागत नाही, थेट ‘डिस्कस्ड द बिल’. ‘राजीनाम्याची मागणी केली’ म्हणताना ‘डिमांडेड’पुढे ‘फॉर’ येतो, तोही काढायचा. निकालाला ‘गिव्ह’पेक्षा ‘डिलिव्हर’ किंवा ‘प्रोनाउन्स’ जास्त शोभतो, आदेशाला ‘पास’. अशा दुरुस्त्या लाल शाईने त्याच पानावर कराव्यात आणि पुढची बातमी लिहायला घेण्याआधी ते पान एकदा उलटून पाहावं.